फोनवर ‘निम्मं गाणं’ ऐकूच येत नाही म्हणे

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला तीन ग्रुपांवरून आला. सारांश असा: कानात घालायचे इयरफोन कितीही भारी घ्या, फोनला लावलेत की निम्मं गाणं वाया. फोनमधला डॅक फडतूस, त्याच्यात ताकद नाही, 24 बिट 192 किलोहर्ट्झच्या फायली त्याला झेपत नाहीत. तीस-चाळीस हजारांचा म्युझिक प्लेयर घेतलात की तानपुऱ्याची जवारी सुटी ऐकू येते, आणि हा फरक शेंबड्या पोरालाही कळतो.

माझ्याकडे असा प्लेयर आहे, रोज वापरतो. त्यामुळे हे द्राक्षं आंबट म्हणून लिहितोय असं कुणी म्हणू नये.

आधी तो फडतूस डॅक. डॅक म्हणजे फाईलमधल्या आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारी चिप. 2016 साली आयफोन 7मधून हेडफोनचा जॅक गेला, तेव्हापासून ही चिप बोटभर डोंगलमध्ये, म्हणजे चार्जिंगच्या भोकात खोचून इयरफोन जोडायच्या तुकड्यात, मावते. बऱ्यापैकी डोंगलची खरखर आणि विकृती कानाला कळण्याच्या पातळीच्या खूप खाली असते. इयरफोनचा पडदा स्वतः त्याच्या कित्येक पट विकृती घालतो, आणि ती प्लेयर बदलून जात नाही.

192 किलोहर्ट्झचं म्हणाल, तर तो आवाजाचे नमुने घेण्याचा वेग. 1982 साली आलेल्या सीडीचा वेग 44.1 किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 44,100 नमुने. त्यात त्याच्या निम्म्यापर्यंतचे, म्हणजे 22 किलोहर्ट्झपर्यंतचे सूर पूर्ण बसतात. माणसाचा कान ऐन तारुण्यात 20 किलोहर्ट्झपर्यंत जातो. चाळिशीनंतर 16 ऐकू आले तरी नशीब. 2007 साली मेयर आणि मोरान या दोघांनी बॉस्टन भागात केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. हाय-रेझ, म्हणजे सीडीहून वरच्या दर्जाचा, आवाज एकदा सरळ आणि एकदा सीडीच्या दर्जातून गाळून ऐकवला. 554 वेळा विचारलं, बरोबर उत्तरं निम्मी. नाणं उडवूनही तेवढीच आली असती. त्यात आपल्याकडे जुन्या 78 आरपीएम तबकड्यांच्या ‘हाय-रेझ’ फायली फिरतात. हिराबाई बडोदेकरांचा आवाज त्या लाखेच्या तबकडीत जेवढा उतरला तेवढाच आहे. 192 किलोहर्ट्झमध्ये जास्तीची मिळते ती सुईची खरखर.

आता ताकद. इथे मजकुरात अर्धं सत्य आहे, फक्त चुकीच्या जागी. नेहमीचा 16 ओहमचा इयरफोन धरा, एका मिलिवॅटला 105 डेसिबल देणारा. फोनच्या जॅकमधून अर्धा व्होल्ट आला तरी साधारण 15 मिलिवॅट होतात, म्हणजे जवळजवळ 117 डेसिबल. जागतिक आरोग्य संघटना 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास सांगते. तेव्हा ताकद कमी पडण्याआधी कान जातील. मोठ्या हेडफोनला जास्त ताकद लागू शकते, पण मजकूर इयरफोनबद्दल आहे.

खरी भानगड आहे आउटपुट इम्पिडन्सची, म्हणजे प्लेयर स्वतः विजेला जो अडथळा करतो त्याची, आणि मजकुरात तिचा उल्लेखही नाही. एकाच इयरफोनमध्ये तीन-चार बॅलन्स्ड आर्मेचर, म्हणजे आवाज काढणारे चिमुकले भाग, असले की त्याचा इम्पिडन्स प्रत्येक सुराला वेगळा: कुठे 8 ओहम, कुठे 40. प्लेयरचा स्वतःचा 10 ओहम असेल तर 8 ओहमच्या जागी आवाज 7 डेसिबलने पडतो आणि 40च्या जागी फक्त दोनने. म्हणजे पाच डेसिबलची तफावत. तोच इयरफोन दुसऱ्याच जातीचा वाटायला लागतो. प्लेयरचा 1 ओहम असेल तर हीच तफावत एक डेसिबलसुद्धा होत नाही. ॲपलचं साधं डोंगल एक ओहमच्या आसपास आहे. (काही अँड्रॉइड फोनांवर त्याचा आवाज बारीक येतो, ही त्याची खोड.) उलट काही महागडे प्लेयर इथेच मार खातात. आणि अशा नाजूक इयरफोनला जास्त ताकदीचा प्लेयर जोडलात तर दोन गाण्यांच्या मध्ये ‘स्स्स’ ऐकू येतं. एकाच डायनॅमिक ड्रायव्हरचा, म्हणजे एकाच पडद्याचा, नेहमीचा इयरफोन असेल तर हा परिच्छेद सोडून द्या, त्याला सहसा फारसा फरक पडत नाही.

राहिलं ते शेंबडं पोर. मलाही फरक लगेच कळला होता! प्लेयर लावला की आवाज भरदार, फोन लावला की जरा विझलेला. मग मित्राने मल्टिमीटर आणला. 60 हर्ट्झचा सूर लावून, इयरफोन जोडलेलाच ठेवून मोजलं: फोनवर 100 मिलिव्होल्ट, प्लेयरवर 118. जवळजवळ दीड डेसिबल. एवढ्याशा फरकात कानाला ‘मोठं’ कळत नाही, ‘छान’ कळतं. दोन्ही सारखे केले आणि मी पाठ फिरवून बसलो. तो वायर बदलायचा, मी सांगायचो. बारापैकी सात बरोबर आले. मित्र काही बोलला नाही, नुसता मल्टिमीटर गुंडाळत बसला.

वायरलेस इयरबड्सवरही प्लेयरचा डॅक चमकतो, असं मजकुरात शेवटी आहे. ब्लूटूथवर डॅक इयरबडच्या पोटात असतो. प्लेयरमधला झोपलेला असतो.

माझ्या भाच्याला बेस येत नव्हता, म्हणून तो प्लेयरसाठी पैसे साठवत होता. त्याच्या इयरफोनवर कंपनीने लावलेल्या मधल्या मापाच्या रबरी टिप्स होत्या, कानात सैल. फट राहिली की खालचे सूर बाहेर निघून जातात. डबीतल्या मोठ्या टिप्स काढून लावल्या. तबल्याचा बायाँ घुमला तसा तो म्हणाला, “मामा, कशाला हात लावलास?”

मी प्लेयर ठेवलाय तो बटणांसाठी. खिशात न बघता गाणं पुढे नेता येतं, आणि मध्येच कर्ज हवंय का म्हणून विचारणारा फोन येत नाही.