गिअरबॉक्सपाशी ऑइल दिसलं म्हणजे मागचं सील गेलंच, असं नाही
जुन्या स्पोर्ट्स कारच्या इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइल ठिबकलं की क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील, म्हणजे ऑइल अडवणारी रिंग, गेलं, गिअरबॉक्स उतरवावाच लागणार, असा मेसेज फिरतोय. हे सरसकट खरं नाही. ऑइल वरून झिरपत येतं, थेंब दिसतो तो शेवटच्या ठिकाणी. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये (१९८९ ते १९९७) हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) मागे कॅम अँगल सेन्सर, म्हणजे इंजिन फिरताना कुठल्या स्थितीत आहे ते ओळखणारा भाग, असतो. त्याची ओ-रिंग (ऑइल अडवणारी गोल रबरी रिंग) कडक झाली की ऑइल थेट बेलहाउसिंगवर (इंजिनला जोडलेल्या गिअरबॉक्सच्या पुढच्या आवरणावर) उतरतं. रिंग किरकोळ, हात घालायला जागा मात्र फारच कमी! म्हणून आधी इंजिन डीग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने) स्वच्छ करा, गाडी थोडी चालवा, मग टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. पीसीव्ही व्हॉल्व्हही (इंजिनच्या आत साठणारे वायू बाहेर काढणारी झडप) तपासा. तो तुंबलेला असेल तर आतल्या दाबाने नवं सीलसुद्धा गळू शकतं.