अधिकारीपद मिळालं, पण दहा महिन्यांनी

अमेरिकन यादवी युद्धातले कृष्णवर्णीय सैनिक स्टीफन स्वेल्स यांच्यावरचा लेख आवडला. पण ५४व्या मॅसॅच्युसेट्स या उत्तरेच्या कृष्णवर्णीय शिपायांच्या पलटणीतला त्यांचा काळ दोन ओळींत उरकलात, तिथे खरी गंमत होती (गंमत कसली म्हणा!). १८६४च्या फेब्रुवारीत फ्लोरिडात ओलस्टीच्या लढाईत ते जखमी झाले. मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर अँड्रू यांनी त्यांना सेकंड लेफ्टनंट केलं, पण वॉशिंग्टनचं युद्धखातं अडून बसलं: कृष्णवर्णीय माणूस अधिकारी कसा होईल? मान्यता आली ती थेट १८६५च्या जानेवारीत. पगाराचंही तेच. गोऱ्या शिपायाला १३ डॉलर, यांना १०, त्यातूनही कपड्यांचे ३ कापायचे. अख्ख्या पलटणीने तो पगार नाकारला, आणि घरी बायकापोरं हलाखीत असताना महिनोन्महिने नाकारतच राहिली. मला तर रणांगणापेक्षा हे अवघड वाटतं.

पुढे साउथ कॅरोलिनाच्या सिनेटमध्ये ते विल्यम्सबर्ग काउंटीतून १८६८ला निवडून आले, तिथले हंगामी अध्यक्षही झाले. १८७७मध्ये दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांना आधार असलेलं केंद्राचं सैन्य मागे गेलं आणि सगळं फिरलं. अखेर धमक्यांमुळे त्यांना किंग्स्ट्री गाव सोडावं लागलं. त्याला तुम्ही ‘निवृत्ती’ म्हटलंय, तेवढं कृपया बदला.