भीमबेटका आणि एक लाख वर्षांचा मेसेज

‘मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या गुहांमधली चित्रं एक लाख वर्षं जुनी, जगातली सर्वांत प्राचीन, प्राण्यांच्या रक्तानं रंगवलेली, शिवाय तिथे 55 कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाचा ठसा’ असा मेसेज फिरून फिरून येतो. आमच्या ग्रुपवर तर तिसऱ्यांदा आला.

एक लाख हा आकडा अगदीच हवेतला नाही, पण तो चित्रांचा नव्हे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वि. ना. मिश्र यांनी 1970च्या दशकात इथे उत्खनन केलं. खालच्या थरांत अश्मयुगीन माणसाच्या दगडी हातकुऱ्हाडी निघाल्या. माणसाचा वावर इतका जुना, हे खरंच. पण घराचा पाया जुना म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर जुनं होत नाही. चित्रं बहुतांशी मध्याश्मयुगापासून, म्हणजे साधारण गेल्या दहा हजार वर्षांतली, आणि काही तर थेट ऐतिहासिक काळातली. तिथल्या एका कातळावर लगाम धरलेले, शस्त्रं घेतलेले घोडेस्वार आहेत. लाख वर्षांपूर्वी घोड्याला लगाम कोणी घातला?

तिथल्याच ‘ऑडिटोरियम’ नावाच्या गुहेतल्या कोरीव खळग्यांना काही संशोधक फार मागे नेतात. त्यावर वाद आहे, आणि खळगा म्हणजे चित्र नव्हे.

‘जगातली सर्वांत प्राचीन’चं काय? इंडोनेशियात सुलावेसी बेटावरच्या एका चित्राचं वय किमान 51,200 वर्षं निघालं, कारण तिथल्या चुनखडीत चित्रावर क्षाराचा पापुद्रा चढतो आणि त्याचं वय मोजता येतं. भीमबेटकाचा खडक वालुकाश्म. तिथे ही सोय सहसा नसते.

रक्त? नाही. तो लाल रंग गेरूचा आहे.

आता तो ठसा. 2021 साली काही भूवैज्ञानिकांनी ऑडिटोरियम गुहेच्या कातळावर, जमिनीपासून सुमारे 11 फुटांवर, डिकिन्सोनिया या अतिप्राचीन जीवाचा जीवाश्म दिसल्याचं प्रसिद्ध केलं. बातमी जगभर गेली. पुढे फ्लोरिडा विद्यापीठाचे जो मीर्ट आणि सहकारी स्वतः तिथे गेले, तर ‘जीवाश्म’ कातळावरून सोलून निघत होता! 55 कोटी वर्षं टिकलेली वस्तू दोन-तीन वर्षांत गळायला लागत नाही. नीट पाहिल्यावर त्यात पोळ्याची घरं दिसली. ते होतं आग्या मोहोळाचं जुनं पोळं. 2023 मध्ये हे छापून आलं आणि मूळ दावा करणारे ग्रेगरी रिटॅलॅक यांनी चूक मोकळेपणानं मान्य केली. मेसेजमध्ये मात्र तो प्राणी अजून जिवंत आहे.