पिन, ग्रॅम आणि पाच सत्यांचा निरोप

गेल्या दोन महिन्यांत एकच निरोप मला पाच जणांनी पाठवला. मथळा 'रेकॉर्ड ऐकणाऱ्यांसाठी पाच सत्ये', शेवटी हात जोडलेले. सत्ये थोडक्यात अशी: एक, मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज (सुईच्या हालचालीची वीज करणारी इवली डबी) हेच खरं, मूव्हिंग मॅग्नेट हा नवशिक्यांचा माल; दोन, सुईचा भार जितका कमी तितकी रेकॉर्ड सुरक्षित; तीन, कोणतंही कार्ट्रिज कोणत्याही टोनआर्मला (ते धरणाऱ्या दांड्याला) चालतं; चार, एक चांगली सुई घेतली की सगळ्या रेकॉर्डचं भागतं; आणि पाच, सुईच्या टोकाचा हिरा झिजत नाही, सुई बदला म्हणणारा दुकानदार लुबाडतो.

फिरतात असले निरोप, मी दुर्लक्ष करतो. पण इंदूरच्या सुदामानगरात राहणाऱ्या माझ्या काकांनी यातलं दुसरं सत्य त्याच दिवशी अमलात आणलं, म्हणून सुरुवात तिथूनच.

काकांकडे ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम-९५-ई आहे. कंपनीने त्याला १.८ ते २.२ ग्रॅम भार सांगितलाय. काकांनी टोनआर्मचं मागचं वजन फिरवून तो १.२ वर आणला. रेकॉर्डला उगाच त्रास नको, हा हेतू. संध्याकाळी फोन. "अरे, अमीर खाँसाहेबांच्या मारव्यात आवाज फाटतोय. तान आली की चर्र होतं. रेकॉर्ड गेली बघ."

रेकॉर्ड गेली नव्हती. खाच म्हणजे इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची चर. सुई तिच्या तळाला टेकत नाही, दोन्ही भिंतींना रेलून चालते. आवाज चढला की भिंती जोरात डावी-उजवीकडे वळतात. भार पुरेसा नसेल तर सुईची भिंतीवरची पकड सुटते, ती क्षणभर अधांतरी होते आणि पुन्हा भिंतीवर आपटते. आपटणारा हिरा, आपटून घेणारं प्लास्टिक. काकांना ऐकू येणारं चर्र म्हणजे नेमकं हे आपटणं. असंच महिनाभर चाललं असतं तर रेकॉर्ड खरोखर गेली असती, आणि तीही तिची काळजी घेता घेता.

ही समजूत आली कुठून तेही सांगतो, कारण ती अगदीच निराधार नाही. पूर्वी घरोघरी असलेल्या सूटकेससारख्या प्लेअरमध्ये सिरॅमिक पिकअप असे. त्याचा भार ५ ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त, आणि पिन बहुधा नीलमण्याची, लवकर घासली जाणारी. त्या यंत्रापुढे 'हलकं ते चांगलं' म्हणणं बरोबरच होतं. आजच्या कार्ट्रिजला मात्र कंपनीने आकड्यांची हद्द आखून दिलेली असते. मी त्या हद्दीच्या वरच्या अर्ध्यात राहतो.

शिवाय टोनआर्मवर छापलेल्या आकड्यावर माझा भरवसा नाही. सराफ्यात दिवसा सोनं तोलायला असतो तशा जातीचा, बोटभर आकाराचा डिजिटल काटा मिळतो. काकांच्या आर्मवर आकडा पुन्हा २ वर आणला, तर काट्यावर १.७४. म्हणजे त्यांचं '१.२' प्रत्यक्षात १ च्याही खाली होतं! २.०५ वर आणलं, मारवा पुन्हा लावला. काका डोळे मिटून बसले, तान आली, गेली, चर्र नाही. काकू आतून म्हणाल्या, "झालं का तुमचं? चहा निवतोय."

आता पहिलं सत्य. मूव्हिंग मॅग्नेटमध्ये सुईच्या दांडीच्या टोकाला इवलंसं चुंबक असतं, तारेची वेटोळी स्थिर असतात. मूव्हिंग कॉइलमध्ये उलट, वेटोळी हलतात. हलणारा भाग हलका करता येतो, त्यामुळे उत्तम मूव्हिंग कॉइल फार बारकाईने वाजतं, हे मी नाकारत नाही. पण त्यातून निघणारा विद्युतदाब किती क्षीण असतो ते बघा. काकांचं मॅग्नेटवालं ४ मिलिव्होल्ट देतं. डेनॉनचं डीएल-१०३, जे जपानच्या एनएचके या प्रसारणसंस्थेसाठी १९६० च्या दशकात बनलं आणि अजून विकलं जातं, ते देतं ०.३. घरच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरची फोनो, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर जोडायची, जागा मॅग्नेटसाठी केलेली असते. तिथे डीएल-१०३ जोडलंत तर आवाज वाढवता वाढवता गाण्याआधी घरघर ऐकू येईल. वेगळा प्री-अ‍ॅम्प किंवा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, त्याचा खर्च निरोपात नाही. मॅग्नेटची सुई झिजली तर बोटाने ओढून काढा, नवी सरकवा. कॉइलची झिजली तर अख्खं कार्ट्रिज कारागिराकडे पाठवायचं.

आणि गंमत अशी की डीएल-१०३ ची सुई साधी, गोल टोकाची आहे. काकांच्याच मालिकेतलं व्हीएम-९५-एमएल, म्हणजे 'नवशिक्यांचं' मॅग्नेट, त्याला मात्र मायक्रोलिनिअर टोक येतं, फार बारीक धारेचं. कॉइल की मॅग्नेट हा प्रश्न विचारून टोकाबद्दल काहीच कळत नाही. आपल्याकडे ज्या रेकॉर्ड वाजतात त्यांना फरक पाडतं ते टोकच.

ते कसं, हे ख्याल ऐकणाऱ्याला एका वाक्यात पटावं: रेकॉर्डच्या बाजूवर विलंबित बाहेर असतं आणि द्रुत आत. अमीर खाँसाहेबांची मारव्याची बाजू लावा. सुरुवातीचा तो संथ, ऐसपैस विस्तार बाहेरच्या खाचांत. तिथे मिनिटाला ३३⅓ फेऱ्या म्हणजे सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर रेकॉर्ड सरकते. लेबलजवळच्या खाचेत तोच वेग २१ सेंटिमीटरवर येतो. फेऱ्या तितक्याच, घेर लहान. म्हणजे १०,००० हर्ट्झचा एक स्वरकंप बाहेर ५१ मायक्रॉन जागेत ऐसपैस लिहिलेला असतो, आत २१ मायक्रॉनमध्ये कोंबलेला. गोल टोकाच्या सुईची त्रिज्या १५ ते १८ मायक्रॉन. ती त्या २१ मायक्रॉनच्या वळणात शिरणार कशी? वरवरून घसरत जाते. लंबगोल टोकाची कडेची त्रिज्या सुमारे ८ मायक्रॉन, ती बरीच आत जाते. मायक्रोलिनिअर त्याहूनही.

आणि नेमक्या त्या कोंबलेल्या जागेत आपला गवई लय वाढवतो, सरगम घेतो, तानांवर ताना टाकतो. तबल्याची किनार, तानपुऱ्याची जवार, 'स' आणि 'श' ची धार, सगळं तिथे. 'शेवटी आवाज जरा भरकटतो, जुनी रेकॉर्ड आहे' असं म्हणत आपण वर्षानुवर्षं सुईचा दोष रेकॉर्डच्या माथी मारत आलो. दोन कार्ट्रिजची तुलना करायची असेल तर पहिली पाच मिनिटं ऐकूच नका. शेवटची पाच ऐका. दुकानात पहिली पाचच ऐकवतात.

तुलनेआधी सुई खाचेला सरळ बसली आहे का, हे छापील नकाशावर ठेवून तपासावं. बारीक टोक वाकडं बसलं तर गोल टोकापेक्षा वाईट वाजतं. एकदा इथल्याच एका दुकानातून 'अगदी ओरिजनल' म्हणून पिन आणली. भिंगाखाली बघितलं तर हिराच दांडीवर तिरका चिकटवलेला. दहापट मोठं दाखवणारं भिंग तेव्हापासून माझ्या खिशात असतं.

तिसऱ्या सत्याचं उत्तर लहान आहे. आर्मचं वस्तुमान आणि सुईच्या दांडीची लवचिकता मिळून त्यांचा स्वतःचा एक डोलण्याचा वेग ठरतो. तो ८ ते १२ हर्ट्झमध्ये पडावा. खाली गेला तर वाकलेल्या रेकॉर्डवर आर्म होडीसारखा हेलकावतो, फार वर गेला तर संगीताच्या खर्जाला जाऊन भिडतो. ताठ दांडीच्या डीएल-१०३ ला म्हणून जड आर्म लागतो, आणि लवचिक दांडीच्या कार्ट्रिजला हलका.

चौथ्याने मात्र खरं नुकसान होतं. इंदुरात अजून कितीतरी मराठी घरांच्या माळ्यावर ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या रेकॉर्ड आहेत. त्यांची खाच एलपीच्या, म्हणजे ३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डच्या, खाचेपेक्षा कितीतरी रुंद. एलपीची सुई तिच्यात टाकली की ती भिंतींना न लागता तळाशी पडते आणि तिथला कचरा वाजवते. ७८ ला टोक लागतं सुमारे ७५ मायक्रॉनचं. उलट तेच टोक एलपीवर ठेवलं तर एलपीची कायमची वाट. म्हणून मला व्हीएम-९५ मालिका सोयीची वाटते: बॉडी तीच ठेवून ७८ ची एसपी सुई सरकवता येते. तिचा भार मात्र ५ ग्रॅम, काटा पुन्हा काढावा लागतो. काका हे विसरतात.

राहिला हिरा. झिजतो. ऑडिओ-टेक्निकाच स्वतः लंबगोल सुईला सुमारे ३०० तास देते, गोलला ५००, मायक्रोलिनिअरला १०००. एलपीच्या दोन्ही बाजू मिळून ४० मिनिटं धरली तर ३०० तास म्हणजे ४५० रेकॉर्ड. रोज एक ऐकणाऱ्याला सव्वा वर्ष. धूळ असेल तर त्याहून कमी, आणि इंदुरात रंगपंचमीच्या गेरनंतर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतर, आठ दिवस तरी सुईच्या टोकावर गुलाबी लव सापडते. मऊ ब्रश मागून पुढे फिरवायचा, आडवा कधीच नाही.

काकांनी हिशेब मनावर घेतलाय. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर प्रत्येक रेकॉर्डला एक रेघ ओढतात, पाचवी आडवी. परवा मोजल्या, २१२ झाल्या होत्या. काकू म्हणतात त्यात चाळीसेक तरी मारवाच असेल.