स्नोमोबाइल घेताय? कागदपत्रांची कटकट टाळण्याचे खात्रीचे उपाय

कॅनडातल्या ऑन्टॅरिओत चार-पाच हिवाळे निघाले, ड्राइव्हवेवरचा बर्फ ओढून कंबर धरली आणि शेजारचा गोरा दर शनिवारी ट्रेलर लावून उत्तरेला जाताना दिसला, की आपल्याही माणसाला स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर पळणारी मोटरसायकलच, घ्यावीशी वाटते. घ्याच. फक्त एक पथ्य पाळा: सरकारी संकेतस्थळ उघडू नका. तिथे नियम इतक्या सोप्या भाषेत लिहिलेत, की एकदा वाचले की 'मला काय माहीत?' म्हणायची सोय जाते.

मशीन वापरलेलीच घ्या, आणि अंधार पडल्यावर घ्या. विकणाऱ्याने हसून कॉफी पुढे केली, की ओनरशिपचा कागद मागणं बरं दिसत नाही. चॅसिसवरचा नंबर वाकून कागदाशी ताडून पाहणं तर त्याच्या खानदानाचा अपमान. किंमत बाजारभावाच्या निम्मी का, हेही विचारू नका. स्वस्त मिळालं की पुढचं विचारायचं नसतं, हे संस्कार आपण सोबत घेऊनच विमानात बसलो होतो.

मालकी बदलली की सहा दिवसांत नोंदणी करा, असं इथला 'मोटराइज्ड स्नो व्हेइकल्स अ‍ॅक्ट' सांगतो. सहा दिवस म्हटलंय. कोणते सहा, ते आपण ठरवायचं. नोंदणीचा नंबर मशीनच्या दोन्ही बाजूंना ठळक लावायचा असतो, म्हणजे ज्या चित्रविचित्र ज्वाळांसाठी तुम्ही ही मशीन पसंत केली, त्या झाकल्या जाणार. नंबर ड्रॉवरमध्ये ठेवा. दरवर्षीच्या स्टिकरला एक टाकी पेट्रोलपेक्षाही कमी पैसे पडतात. इतक्या कमी पैशात मिळणाऱ्या वस्तूला काही अर्थ असेल, असं वाटत नाही.

आता विमा. स्वतःच्या जमिनीवर चालवली तर विमा सक्तीचा नाही. ही पळवाट खास तुमच्यासाठीच आहे, कारण मिसिसागातल्या तुमच्या घरामागे चांगलं चाळीस फूट अंगण आहे. ८५० सीसीची मशीन सुरू करा, कुंपणापर्यंत जा, उतरा, उचलून फिरवा (वजन दोन-सव्वादोनशे किलो, बायकोला हाक मारा) आणि परत या. याचा कंटाळा आला तर लेक सिमको आहेच. तळं गोठलं की ते कुणाच्या बापाचं नसतं, म्हणजे आपलंच. 'कुठलाच बर्फ सुरक्षित नसतो' असं पोलिस दर हिवाळ्यात ओरडत असतात, पण त्यांचा तो धंदाच आहे.

अंगणाबाहेर पडलात की कायदा किमान दोन लाख डॉलरचा थर्ड पार्टी विमा मागतो, आणि त्याची गुलाबी चिठ्ठी खिशात असावी लागते. या थर्ड पार्टीचा विचार करा. हा कोण? तुम्ही त्याला ओळखत नाही, त्याला कधी भेटला नाहीत. भेटाल ते थेट झाडीतल्या एका आंधळ्या वळणावर. अनोळखी माणसासाठी दरमहा पैसे भरणं आपल्या हिशेबात बसत नाही. त्याचा पाय मोडला तर तो बिचारा दावा लावील तुमच्या घरावर, आणि घर तर बँकेचं आहे.

भरलाच विमा, तर मार्चअखेर रद्द करून टाका. बर्फ नाही तर विमा कशाला? चोरांना मात्र उन्हाळा चालतो. जुलैत तुम्ही कोल्हापूरला लग्नाला गेलेले असताना ड्राइव्हवेवरचा ट्रेलर आपल्या गाडीच्या हिचला (मागच्या आकड्याला) लावून, वर ठेवलेल्या मशीनसकट, ते दोन मिनिटांत घेऊन जातील.

नाशिकहून मेव्हणा आला आणि 'दाजी, एक राउंड मारू का?' म्हणाला, तर नाही म्हणू नका. घरात वर्षभर ऐकावं लागतं. लायसन्सचं विचारू नका, बारा वर्षांच्या पोरालाही इथे कोर्स करून वेगळं लायसन्स काढल्याशिवाय ट्रेलवर जाता येत नाही, हेही सांगू नका. मेव्हण्याला कॉलेज रोडवर स्कूटर चालवायचा दांडगा अनुभव आहे. तो मूठ पिळत राहील. इथे अ‍ॅक्सिलरेटर अंगठ्याखाली असतो, हे त्याला अंगठा दाबल्यावर आपोआप कळेल.

ट्रेल परमिट, म्हणजे स्नोमोबाइल क्लबांच्या वाटांवर जायचा परवाना, ही तर शुद्ध लूट. तीस हजार किलोमीटरच्या आसपास वाटा, त्यांतल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या खासगी जमिनीतून जाणाऱ्या. क्लबची माणसं पदरचा वेळ घालून त्यांची परवानगी मिळवतात, पूल बांधतात, रात्री ग्रूमर फिरवून वाट गुळगुळीत करतात. म्हणजे काम तर झालेलंच आहे. आता पैसे कशाचे? नकाशात ट्रेल लाल दाखवली असेल तर ती बंद असते, पण लाल म्हणजे थांबा, हे आपण पुण्याच्या चौकातही कधी मानलं नाही. एखाद्या शेतकऱ्याने वैतागून पुढच्या वर्षी वाटच बंद केली, तर दोष क्लबला द्या.

वाहतुकीत खरी कल्पकता दाखवता येते. ट्रेलरला स्वतःची नोंदणी आणि नंबर प्लेट लागते, तीही आयुष्यात एकदाच. म्हणजे सहज विसरण्यासारखी. हिचखाली सेफ्टी चेन एकमेकींवर फुली मारून लावायच्या असतात, त्या नुसत्या खडखडतात, काढून ठेवा. टेललाइटच्या वायरचा प्लग मिठाने गंजला असेल तर असू द्या, मागच्याने तुमच्याकडे बघायचंच कशाला? स्कीवर दाबपट्टी आणि मागे रॅचेटचा पट्टा लावण्याऐवजी साड्या वाळत घालायची नायलॉनची दोरी वापरा. हायवे ४०० वर बॅरीच्या पुढे जॉर्जियन बेवरून बर्फाचा पडदा येतो आणि स्वतःचं बॉनेटही दिसेनासं होतं. अशा वेळी मशीन कधी उतरली हे तुम्हाला कळणार नाही, म्हणून काळजीही वाटणार नाही. ती बातमी मागच्या ट्रकवाल्याला आधी समजेल.

हेल्मेटबद्दल पुणेकरांना मी काय सांगावं? ज्यांनी त्याविरुद्ध आंदोलनं केली, त्यांनी उणे वीसमध्ये तत्त्व सोडू नये. वेगाचंही तसंच. मशीन दीडशेच्या पुढे पळते आणि ट्रेलवर मर्यादा पन्नासची. सरळ आहे, पन्नासचं काही बनवायचं असतं तर कंपनीने बनवलं नसतं का? मधल्या थांब्यावर दोन पेग मारले तरी हरकत नाही, रस्त्यावर थोडेच आहोत. पकडलं गेलं तर लायसन्स जातं ते गाडीचंही, आणि मग सोमवारी ऑफिसला बसने, तेवढाच व्यायाम. ओपीपीचा, म्हणजे प्रांताच्या पोलिसांचा, शिपाई दिसलाच तर प्रेमाने 'मामा' म्हणा आणि हातमोज्यातून वीसची नोट सरकवा. पेग सोडले तर आतापर्यंत प्रकरण दंडावर होतं, आता फौजदारीवर जाईल.

दोन हिवाळ्यांनी मशीन विकावीशी वाटेलच. रोख मोजून घ्या, चावी द्या, ओनरशिपच्या बदलीच्या भागावर सही करायची राहू द्या; सरकारला कळवणं वगैरे पुढचा बघून घेईल. तो पार उत्तरेला कर्कलंड लेककडे तुमच्या नंबरवर मशीन पळवत राहील आणि नोटिसा मिसिसागाच्या पत्त्यावर येतील. त्या फ्रिजवर चुंबकाने लावा. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटेल, काय फिरता हो तुम्ही!