शेवटच्या रांगेतला हात

प्रश्नमंजूषा ठेवायची असं ठरलं की विषय हमखास तेच तीन निघतात: जुने भयपट, खेळ आणि इतिहास. कारण या तिन्हींतलं प्रत्येकाला थोडं थोडं ठाऊक असतं. प्रश्न काढणाऱ्याचा घात करतं ते हे 'थोडं थोडं'च. ज्याला काहीच माहीत नाही तो उत्तर ऐकून 'अरे वा' म्हणतो. ज्याला सगळं माहीत आहे तो असल्या कार्यक्रमांना येत नाही. मधला जो उरतो तो शेवटच्या रांगेत बसतो, आणि उत्तर जाहीर झालं की हात वर करतो. "एक मिनिट हं…"

मी प्रश्न लिहितो ते त्या हाताला घाबरून. भुताखेतांचं तितकं भय वाटत नाही, कारण भयपटांतली भुतं बहुतेक स्वयंपाकघरात तयार होतात. 'सायको'मधलं (१९६०) न्हाणीघरातलं रक्त म्हणजे चॉकलेट सिरप. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे रंगाचा प्रश्नच नव्हता. पाण्यात मिसळून वाहताना गडद आणि दाट दिसणं एवढंच हवं होतं. सुरा अंगात शिरल्याचा आवाज खरबुजाचा, कसाबा जातीच्या. 'द एक्सॉर्सिस्ट'मधली (१९७३) ती सुप्रसिद्ध हिरवी उलटी वाटाण्याच्या सूपची. त्याच चित्रपटात तोंडातून वाफ दिसावी म्हणून झोपायच्या खोलीचा अख्खा सेट यंत्रं लावून गोठवला होता. आणि 'हॅलोवीन'मधल्या (१९७८) खुन्याचा मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, दोन डॉलरसुद्धा किंमत नसलेला. भुवया आणि कल्ले उपटले, डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग फासला, केस विस्कटले. झालं भूत.

यातून प्रश्न काढताना पहिली चूक होते ती 'कशाचं' विचारण्याची. "सायकोमधलं रक्त कशाचं होतं?" असं विचारलं की उत्तरं येतात: रंग, शाई, बीट, कॉफी. शाई म्हणणाऱ्याला अर्धा गुण द्यावा का, यावर पंधरा मिनिटं काथ्याकूट. त्यापेक्षा उत्तरच प्रश्नात घालावं आणि कारण विचारावं: "रक्त म्हणून चॉकलेट सिरप चाललं, कारण या चित्रपटात काय नव्हतं?" उत्तर एका शब्दाचं. रंग. वाद संपला.

'जॉज'लाही (१९७५) हेच लागू. यांत्रिक शार्क माशाचं टोपणनाव ब्रूस होतं आणि ते दिग्दर्शक स्पीलबर्ग यांच्या वकिलाचं नाव, ही माहिती मजेची खरी, पण ती फार फिरलेली आहे. मासा इतक्या उशिरा का दिसतो, हे विचारावं. खाऱ्या पाण्यात यंत्रणा सतत बिघडत होती, ५५ दिवसांचं ठरलेलं चित्रीकरण १५९ दिवस चाललं, आणि मासा चालेना म्हणून त्याच्याऐवजी संगीत आणि त्याला अडकवलेली पिवळी पिंपं पुढे करावी लागली. लोक पोहायला घाबरायला लागले ते एका नादुरुस्त यंत्रामुळे.

इथवर शेवटची रांग शांत असते. फ्रँकेन्स्टाइन आला की खुर्ची सरकते.

या एका नावावर हात तीनदा वर होतो. पहिल्यांदा, "फ्रँकेन्स्टाइन हे त्या राक्षसाचं नाव नाही, डॉक्टरचं आहे." हे आता सगळ्यांनाच माहीत झालंय, तरी सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर शोध लावल्याचं तेज असतं. मग दुसरा हात: "डॉक्टर कुठला? मेरी शेलीच्या कादंबरीत तो विद्यार्थी आहे." बरोबर. १८१८ च्या कादंबरीत व्हिक्टर हा इंगोलश्टाटला शिकणारा मुलगा, पदवीचा पत्ता नाही. तिसरा हात: "पण १९३१ च्या चित्रपटात तो व्हिक्टर नाही, हेन्री आहे." तेही बरोबर! तेव्हा प्रश्न लिहिताना कादंबरी की चित्रपट, आणि कुठल्या सालचा, हे आधी लिहावं. मी स्वतः हे नाव टाळतो आणि श्रेयनामावलीवर प्रश्न काढतो: १९३१ च्या चित्रपटात सुरुवातीला राक्षसाच्या नटाच्या नावाच्या जागी काय होतं? प्रश्नचिन्ह. बोरिस कार्लॉफ हे नाव शेवटी येतं. प्रश्नाचं उत्तरच प्रश्नचिन्ह असल्यावर हात वर करणाऱ्यालाही जरा विचार करावा लागतो.

ड्रॅक्युलाचं उलटं आहे. तिथे हात वर करणाराच बहुधा चुकतो. ऊन लागलं की तो जळून मरतो, हे ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीत नाही. तिथे तो भर दिवसा लंडनमध्ये हिंडतो, फक्त त्याच्या शक्ती कमी होतात. उन्हाने मरणं आलं १९२२ च्या जर्मन मूकपट 'नोस्फेराटू'मधून. तो परवानगी न घेता काढला म्हणून स्टोकरच्या विधवेने खटला भरला आणि १९२५ मध्ये न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही प्रती वाचल्या म्हणून आज हे ऊन आपल्यापर्यंत पोचलं. बरं, कादंबरीत तो मरतो कशाने? लाकडी खुंटीने नाही. गळा चिरला जातो आणि छातीत सुरा खुपसला जातो, आणि गळ्यावरचं शस्त्र आहे चक्क कुकरी. हा प्रश्न मी राखून ठेवतो. समोरचा फारच आत्मविश्वासाने बोलू लागला की काढतो.

खेळांत सगळा धोका 'पहिला' या शब्दात. पहिली कसोटी १८७७, मेलबर्न. पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना मात्र १८४४ चा, न्यू यॉर्कमध्ये, अमेरिका विरुद्ध कॅनडा. कॅनडा २३ धावांनी जिंकला. 'कसोटी' हा शब्द लिहायचा राहिला की अख्खी फेरी गेली. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या क्रिकेटचा प्रश्नही असाच ठिसूळ. सामना एकच, दोनच संघ, ब्रिटन आणि फ्रान्स, प्रत्येकी बारा खेळाडू. त्यातही फ्रान्सकडून खेळणारे बहुतेक पॅरिसमध्ये राहणारे इंग्रजच. 'फ्रान्सने रौप्य जिंकलं' म्हणावं की 'इंग्रजांनी दोन्हीकडून', हे ज्याचं त्याने ठरवावं.

मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधले, विंडसर किल्ल्यापासून राजघराण्याच्या सज्जापर्यंत मोजलेले. म्हणून 'अंतर कधी ठरलं' याला लोक १९०८ सांगतात. पण पुढच्या दोन ऑलिंपिकमध्ये अंतरं वेगळीच होती. हे अंतर नियमात आलं १९२१ मध्ये. 'कधी धावले' आणि 'कधी ठरलं' यांत तेरा वर्षं आहेत, आणि त्या तेरा वर्षांत माझ्यासारख्याचे बळी पडतात.

खरा भयपट बघायचा तर १९०४ ची सेंट लुइसची मॅरेथॉन बघावी. आधी पोचलेला फ्रेड लॉर्झ वाटेत कित्येक मैल मोटारीत बसून आला होता. जिंकलेल्या टॉमस हिक्सला त्याच्या माणसांनी धावता धावता स्ट्रिक्नीन पाजलं, अंड्याच्या पांढऱ्यात घालून, वर ब्रँडी. स्ट्रिक्नीन म्हणजे उंदीर मारायला वापरतात ते विष. पुन्हा स्वयंपाकघरच, फक्त इथे कॅमेरा बंद झाल्यावर कुणी उठून हसत नाही.

इतिहासात घोटाळा करतात त्या तारखा. शेक्सपियर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हान्टिस या दोघांच्या मृत्यूची तारीख २३ एप्रिल १६१६ अशी सांगतात, आणि तरी ते एका दिवशी गेले नाहीत. इंग्लंड जुन्या पंचांगावर होतं, स्पेन नव्या, मध्ये दहा दिवसांचं अंतर. नंतर ब्रिटनने पंचांग बदललं तेव्हा १७५२ साली २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १४ उजाडली. नेपोलियन बुटका नव्हता: पाच फूट दोन इंच ही नोंद फ्रेंच मापातली, त्यांचा इंच मोठा, म्हणजे साधारण १६८ सेंटिमीटर. १८९६ चं झांझिबारचं युद्ध कुठे ३८ मिनिटं दिलेलं असतं, कुठे ४५. अशा वेळी आकडा विचारू नये, "तासाभराच्या आत आटोपलेलं युद्ध कोणतं?" असं उलटं विचारावं.

कामाचं सांगायचं तर: वीस प्रश्न हवे असतील तर पंचवीस काढावे. प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचून बघावा, कारण ऐकणाऱ्याला स्वल्पविराम दिसत नाही. आणि बरोबरी झाली तर एक आकड्याचा प्रश्न खिशात असावा, जवळचा आकडा सांगेल तो जिंकला.

माझा ठरलेला आहे डर्बनच्या कसोटीवर. १९३९, दक्षिण आफ्रिका विरुद्ध इंग्लंड, निकाल लागेपर्यंत खेळायची म्हणून दिवसांची मर्यादाच नाही. ३ मार्चला सुरू झाली, १४ मार्चला थांबली, मधले दोन रविवार सुट्टीचे. इंग्लंडला हव्या होत्या ६९६, झाल्या ५ बाद ६५४, पाऊस आला, आणि त्यांना बोट गाठायची होती. अनिर्णित. प्रश्न असा: सामना किती दिवसांचा? कागदावर माझं उत्तर 'दहा'.

दिवे मालवायची वेळ झालेली, रखवालदार दारात किल्ल्या वाजवतोय, दोन्ही संघ उभे. मी उत्तर जाहीर करतो आणि हात वर होतो.

"एक मिनिट हं. ११ मार्चचा पूर्ण दिवस पावसात गेला होता. मग खेळ झाला नऊच दिवस ना?"