उरलेल्या गोळ्या म्हणजे मदत नाही

मणिपूरच्या विस्थापितांच्या छावण्यांसाठी औषधं गोळा करणाऱ्या आमच्या नागपुरातल्या पोरांचं मन मोठं आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण त्यांनी माझ्या औषधाच्या दुकानात आणून ठेवलेली खोकी उघडली आणि जीव तुटला. गोळ्यांच्या पट्ट्या अशा कापलेल्या की नेमकी मुदतीची तारीखच गायब. लहान मुलांचं खोकल्याचं औषध, अर्धी बाटली, झाकणाभोवती साखर गोठलेली. वारलेल्या कुणाच्या तरी हृदयाच्या गोळ्या. जे आपण आपल्या लेकराच्या तोंडात घालणार नाही, ते घरदार जळालेल्या माणसाला कसं पाठवतो आपण?

जागतिक आरोग्य संघटनेने 1996 सालीच औषधदानाचे नियम घालून दिले आहेत. औषध पोचेल तेव्हा त्याची किमान वर्षभराची मुदत शिल्लक हवी, रुग्णाला एकदा दिलेलं औषध परत घेऊन पुढे पाठवायचं नाही आणि तिकडून जे मागितलंय तेच पाठवायचं. शेवटचा नियम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण छावणीत नेमकं काय लागतं हे आपण कधी विचारतच नाही.

3 मे 2023 ला मणिपूरमध्ये मैतेई आणि कुकी समाजांत हिंसाचार उसळला. अडीचशेहून अधिक माणसं गेली, साठेक हजार लोक घराबाहेर फेकले गेले. दोन वर्षं उलटली तरी हजारो कुटुंबं छावण्यांतच होती. इतक्या काळात जखमा भरतात किंवा माणूस जातो. पण बीपी, शुगर, फिट्स, टीबी, बाळंतपण हे कुठे थांबतं? टीबीच्या गोळ्या साधारण सहा महिने न चुकता घ्याव्या लागतात. त्या मध्येच सुटल्या की जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि एकेका खोलीत दाटीवाटीने झोपणाऱ्यांत तो आजार किती जणांना गाठेल ते सांगायला डॉक्टर लागत नाही.

त्यात वांशिक दंग्यात दवाखानेही दुभंगतात. मैतेईबहुल इम्फाळची मोठी रुग्णालयं कुकीबहुल चुराचांदपूरपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, म्हणजे नागपूरहून भंडारा. पण दोन समाजांच्या भागांमधली सीमा ओलांडायची कुणाची छाती होत नव्हती, म्हणून कुकी रुग्णांना डोंगरातल्या रस्त्याने तीनशेहून जास्त किलोमीटरवरचं मिझोरममधलं ऐजॉल गाठावं लागलं. इकडून कुकी डॉक्टर-नर्सेस इम्फाळ सोडून गेल्या, तिकडून मैतेई डॉक्टर चुराचांदपूर सोडून आले. उपचार करणाराच जिथे विस्थापित, तिथे आपल्या खोक्यातलं सिरप कोण कुणाला पाजणार?

हे सगळं फार दूरचं वाटत असेल तर मार्च 2025 आठवा. आपल्या महाल भागात 17 तारखेच्या रात्री दंगल झाली, त्यानंतर नागपूरच्या अनेक भागांत संचारबंदी लागली. रमजान चालू होता. मोमिनपुऱ्यातल्या एक खाला वर्षानुवर्षं बीपीच्या गोळ्या माझ्याकडूनच नेतात. त्यांचा फोन आला, "बेटी, आधी-आधी करके ले रही हूँ, दो दिन और चल जाएगी." त्यांची ती गोळी अर्धी करायची नसते, ती हळूहळू विरघळणारी आहे. फोनवरच समजावलं, त्यांच्या डॉक्टरांशी बोलणं करून दिलं. नशिबाने ते काही दिवसांत निभावलं. छावणीतल्या बाईने फोन कुणाला करायचा?

अशा वेळी काय करता येतं याचं सर्वांत मोठं उदाहरण माझ्या काउंटरवर रोज विकलं जातं. 1971 साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पाकिटं बनवायला लावली, पिंपांतल्या पाण्यात ती कालवली आणि पाजायचं काम आईवडलांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्याही खाली आलं. मे महिन्यात नागपुरात ओआरएसचं, म्हणजे अशाच मीठ-ग्लुकोजच्या मिश्रणाचं, पाकीट घेणाऱ्या प्रत्येकाने हे जरूर लक्षात ठेवावं. स्वस्त औषध, नीट मोजमाप आणि विश्वासाने सोपवलेलं काम, एवढ्यावर हजारो जीव वाचले.

"आधी मेयो-मेडिकलच्या व्हरांड्यात झोपलेल्यांचं बघा," असं इथल्या सरकारी रुग्णालयांकडे बोट दाखवून मला हमखास ऐकवलं जातं. त्यांचंही बघायलाच हवं, आणि अनुभव असा की ते बघणारी माणसंच दूरच्यांसाठीही धावतात. 1938 साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात डॉ. कोटणीसांबरोबर आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते. तेव्हा आपला देश स्वतः पारतंत्र्यात होता.

दुसरा प्रश्न जास्त बोचतो. "कुणाच्या छावणीला देताय? त्यांनी काय केलं माहीत आहे का?" चुराचांदपूरला पाठवलं की मैतेईंचे शत्रू, इम्फाळला पाठवलं की कुकींचे. माझं मत पक्कं आहे, दोन्हीकडे पाठवायचं, आणि पावत्या सगळ्यांना दाखवायच्या. देशांतर्गत विस्थापितांसाठी संयुक्त राष्ट्रांची 1998 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात आजारी आणि जखमींना वैद्यकीय निकषाशिवाय दुसरा कुठलाही भेद न करता उपचार द्यावेत, असं स्पष्ट म्हटलंय. गुन्हेगार शोधायला पोलीस आणि न्यायालय आहे. पाच महिन्यांच्या गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या देताना तिच्या समाजाचा हिशोब मागणाऱ्याने औषधाच्या धंद्यात आणि डॉक्टरकीत राहू नये, असं मी अगदी जबाबदारीने म्हणते.

पोरांशी बोलले. आधी थोडी हिरमुसली, मग कामाला लागली. ती खोकी आता छावणीला जाणार नाहीत, बाद औषधांची रीतसर विल्हेवाट लावायची आहे. तिकडच्या दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांकडून गरजेची यादी मागवायची, औषधं शक्यतो तिथल्याच जवळच्या बाजारातून घ्यायची, आणि एकदाच मोठा ट्रक पाठवण्याऐवजी वर्षभर दर महिन्याला पैसे पाठवायचे, असं ठरतंय. बीपीच्या एका रुग्णाचा जेनेरिक गोळ्यांचा महिन्याचा खर्च आपल्या एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा कमी येतो. ज्यांना एका रुग्णाचं वर्ष उचलायचं असेल त्यांनी दुकानात येऊन वहीत नाव लिहावं. घरातल्या उरलेल्या गोळ्या मात्र कृपा करून आणू नका.